बाराव्या मात्रेवर लावलेला दिवा

भीमपलासातली ‘बारो रे’ ही बंदिश माझी नाही. पंचेचाळीसहून जास्त वर्षं ती माझी म्हणून गायली जाते, शिकवली जाते. ज्याने ती केली तो गडहिंग्लजला राहतो. वय ऐंशी, अजून दुकानात बसतो. हे आधी सांगून मोकळा होतो, कारण आजवर जेव्हा जेव्हा सांगायला गेलो तेव्हा प्रस्तावना करत बसलो आणि प्रस्तावनेतच थांबलो.

आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच गुरुजींकडे शिकलो. मी मंगळवार पेठेतला, वडील शाळेत कारकून. तो गडहिंग्लजच्या तेलाच्या व्यापाऱ्यांच्या घरातला. त्याच्या घरात कानडी, बाजारात मराठी आणि तालमीत गुरुजींची हिंदी, अशा तीन भाषा तो एकाच वाक्यात वापरायचा. गळा माझा बरा होता. कान त्याचा होता. गुरुजी एकदा आम्हा दोघांसमोरच म्हणाले, “हा गातो, तो ऐकतो. ऐकणाऱ्याचं काहीतरी होईल.” हे वाक्य मी पुढे कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नाही.

पंचविशीत मला मुंबईला फोर्टातल्या एका विमा कचेरीत नोकरी लागली. इमारत जुनी, सात मजल्यांची, आमची कचेरी सहाव्यावर. वर्षभराने तिथल्या लिफ्टमनची जागा रिकामी झाली, तेव्हा मीच पत्र लिहून त्याला बोलावलं. तेल विकायचं नाही, गायचं, असं घरी भांडून तो आला आणि मुंबईत लिफ्ट चालवू लागला. गिरगावात एका खानावळीवर आमची खोली होती. पहाटे दोघांचा एका तंबोऱ्यावर रियाज, मग कामाला. तो आठला पोहोचायचा. मी दहाला पोहोचायला हवं होतं.

ती लिफ्ट म्हणजे लोखंडी जाळीच्या दोन दारांचा पिंजरा. पितळी मूठ फिरवली की वर, उलटी फिरवली की खाली. कोपऱ्यात त्याचं स्टूल. मोटरचा एक सूर लागायचा, पेटीच्या काळी एकच्या जरासा खाली, आणि हा दिवसभर त्या सुरावर ओठ मिटून गुणगुणत असायचा. मुंबई मी पायांनी पाहिली. त्याने ती जाळीतून पाहिली, दर मजल्याला दोन-दोन वाक्यं. संध्याकाळी खोलीवर आला की मला सांगायचा, “तिसऱ्यावरचा वकील हाय न्हवं, त्याचं बोलणं दरवेळी मध्यमावर येऊन बसतंय. पक्षकाराला पटतंय बघ त्येनं. आणि पाचव्यावरची टायपिस्ट बाई भांडायला लागली की पंचमावरनं सरळ वरच्या षड्जाला. मधी निषाद घेतच न्हाय.” मी हसायचो. तो हसायचा नाही. तो ते सगळं कुठेतरी साठवत होता.

मी रोज उशिरा पोहोचायचो. सव्वादहाला आमचं हजेरीपत्रक साहेबांच्या टेबलावर जायचं आणि मग लेटमार्क. तीन लेटमार्कांची एक रजा. माझा मित्र दहा वाजून बारा मिनिटांपासून लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायचा. जाळीत एक पाय घालून उभा, आत माणसं चुळबुळत, आणि मी रस्ता ओलांडून दारातून आत शिरलो की त्याची हाक यायची: “बारो! बारो रे!” कानडीत ‘बारो’ म्हणजे ‘ये रे’. बरोबरीच्या माणसाला म्हणायचं, मोठ्यांना नाही. इतरांना तो ‘चला साहेब’ म्हणायचा. ‘बारो’ फक्त मला. मी फरशीवरून पळत येऊन आत घुसायचो आणि पाठीमागे जाळी खट्‌कन बंद व्हायची.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने मला ती बंदिश ऐकवली. सोळा मात्रांच्या तीनतालात, मध्यलयीत. शब्द असे:

बारो रे, मूंदत द्वार
चढत उतरत दिन गयो सारो
कोऊ न पूछत कौन हमारो

ये रे, दार मिटतंय. चढता-उतरता सगळा दिवस गेला, आपलं माणूस कोण हे कुणी विचारत नाही. खरी करामत मुखड्यात होती. चौदावी मात्रा निम्मी जाऊ द्यायची, मग उचलायचं, आणि ‘बारो रे मूंदत’ एवढे शब्द अडीच मात्रांत कोंबून ‘द्वार’वर सम, म्हणजे पुढची पहिली मात्रा, गाठायची. ऐकणाऱ्याला वाटतं, गेली, चुकली, आणि तेवढ्यात जाळी बंद. मी तीनदा म्हणायला लावली.

“हिंदीत कानडी कुठनं आलं रे?” मी विचारलं.

“मुंबईत कुठनं आलं? तिथनंच.”

“पण लिफ्टवर कुणी बंदिश करतं का?”

“मग कशावर करू? यमुनेवर? मी यमुना बघितल्याली न्हाय. हितं पाणी साडेपाचला नळाला येतंय.”

मला त्या दुपारी मत्सर वाटला, हे लिहून ठेवतो. मी त्याच शहरात, त्याच इमारतीत होतो. मला तिथे लेटमार्क दिसले. त्याला भीमपलास दिसला.

पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरचे एक बडे साहेब होते. त्या दिवशी मी कोपऱ्यावर चहा पीत रेंगाळलो होतो. त्याने माझ्यासाठी जाळीत पाय घातला, साहेब ओरडले, तरी त्याने पाय काढला नाही. मी आत शिरलो तेव्हा साहेबांचा चेहरा लाल होता. दुपारी साहेबांनी त्याला सर्वांदेखत खाली बोलावून विचारलं, “कुणासाठी थांबवली होतीस?” आम्ही पाच-सहा कारकून तिथे उभे होतो.

“कुणासाठी न्हाय साहेब,” तो म्हणाला. “सवय हाय.”

मी समोर उभा होतो आणि गप्प राहिलो. शनिवारी त्याला काढलं. रविवारी त्याने ट्रंक भरली. मी त्याला गाडीवर सोडायला गेलो, आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही भीमपलासातल्या धैवताबद्दल बोललो. तो गावी जाऊन दुकानात बसला, आणि पुढे त्याच्या गाण्याबद्दल मला कुणाकडूनच काही कळलं नाही. मीही विचारलं नाही.

तीन-चार वर्षांनी बदली घेऊन मी कोल्हापूरला परत आलो. इथल्या एका सभेत मला पहिल्यांदा तासभर गायला मिळणार होतं. नवं काहीतरी गावं म्हणून मी ‘बारो रे’ काढली. तबल्याच्या साथीदाराबरोबर बसलो आणि समच सापडेना. एकदा लवकर आलो, दोनदा उशिरा. तबलजी म्हणाले, “बुवा, तुमची एस्टी गेली की. आता पुढच्या गाडीनं या.” मी दोन दिवस घासलं. जमलं नाही. मग मी मुखडा बाराव्या मात्रेवर आणून ठेवला. बारावीपासून उचलला की पाच मात्रा मिळतात. ऐसपैस. ‘बारो’वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी छान मींड घेता येते. ती माझ्या गळ्याला शोभली.

सभा रंगली. संपल्यावर स्थानिक वर्तमानपत्रात गाण्याबद्दल लिहिणारे एक जाणकार आत आले. “भीमपलासाची बंदिश कुणाची हो?”

“आपलीच,” मी म्हणालो.

मराठीत या शब्दाची मोठी सोय आहे. ‘आपलीच’ म्हणजे माझी, आणि ‘आपलीच’ म्हणजे आपल्या सर्वांची, आपल्या गुरुजींच्या घरातली, आपल्यातल्या एकाची. मी त्या क्षणी कोणत्या अर्थाने म्हणालो हे मला पक्कं माहीत आहे. पण नंतरची कित्येक वर्षं मी स्वतःला दुसरा अर्थ सांगत होतो.

“वा. आणि ‘बारो’ म्हणजे?”

आता ‘ये रे’ म्हटलं तर कानडी आलं, कानडी आलं तर लिफ्ट आली, लिफ्ट आली तर लिफ्टमन आला. हिंदीत ‘बारना’ म्हणजे पेटवणं, हे मला जुन्या बंदिशींवरून ठाऊक होतं. मी म्हणालो, “दिवा लावा. आयुष्याचं दार मिटत चाललंय, ज्ञानाचा दिवा लावा. चढत-उतरत म्हणजे जन्म-मरणाचे फेरे.”

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. रविवारच्या अंकात अर्धा रकाना आला. त्यानंतर रेडिओच्या अर्जावर ‘रचनाकार’ असा रकाना आला तेव्हा तिथे माझं नाव लिहिताना पेन अडलं नाही. पुढे शिबिरांत मी या बंदिशीवर तास-तासभर बोललो. लिफ्टच्या वर-खाली जाण्यावर मी गीता लावली. बाराव्या मात्रेचाही अर्थ लावला, म्हणे साधकाची शांत चाल. माझ्याकडून ही बंदिश सतरा जण शिकले आणि सतरा जण डोळे मिटून, संथ, देवापुढे उभं राहिल्यासारखी ती गातात.

गेल्या वर्षी, मला ऐंशी लागणार म्हणून, माझ्या एका विद्यार्थिनीने माझ्या एकतीस बंदिशींचं पुस्तक करायला घेतलं. ती इथल्याच कॉलेजात गाणं शिकवते, नेटकी आणि प्रश्न विचारणारी. प्रुफं तपासताना तिचा फोन आला.

“सर, एक शंका आहे. ‘बारो’ म्हणजे दिवा लावा. पण सगळी बंदिश शोधली, त्यात दिवा कुठेच नाही. दीप नाही, ज्योत नाही, बाती नाही. मग बारो काय?”

“अध्याहृत आहे,” मी म्हणालो.

“बरं सर,” ती म्हणाली, आणि तिने ते लिहून घेतलं. कागदावर पेन फिरल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

एकोणऐंशीव्या वर्षीही खोटं इतकं तयार होतं, की ओठांवर यायला त्याला अर्धी मात्राही लागली नाही. पुस्तक छापून आलं की ते खोटं माझ्यामागेही तसंच राहणार होतं आणि माझ्या मित्राचं नाव कायमचं बुजणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संकेश्वरमार्गे जाणारी गडहिंग्लजची एस्टी पकडली. प्रुफं पिशवीत घेतली होती.

दुकान बाजारपेठेतच होतं. मुलगा गल्ल्यावर, आणि हा आतल्या बाजूला खुर्चीत, पाय स्टुलावर. मी उंबऱ्याशी थांबलो. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

“या की पावणं,” तो म्हणाला. “तेल किती घालू?”

“ओळखलं नाहीस?”

“ओळखलं म्हणून तर पावणं म्हणतोय. आपल्या माणसाला कोण पावणं म्हणतंय व्हय?” मग मुलाकडे वळून, “खुर्ची दे रं. लई मोठं गवई हाईत. रेडिओवर गात्यात.”

मुलाने खुर्ची दिली, “बसा काका” म्हणाला आणि चहा सांगायला आत गेला. मी प्रुफांतली ‘बारो रे’ची पानं काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने बंदिश वाचली, खालचं माझं नाव वाचलं, मग दोन पानांचा भावार्थ वाचला. ओठ हलवत, सावकाश.

“लिफ्टात दिवा लावलास म्हणं,” तो म्हणाला.

“हो.”

“दिवा हुताच की तितं. चाळीस वॅटचा.”

मी म्हणालो, “हे सगळं मी बदलणार आहे. तुझं नाव घालणार आहे. माझ्याकडून फार मोठी चूक झाली.”

“चूक न्हाय ती. चूक झाली तर माणूस एकदा करतंय. तू पन्नास वर्सं केलास. त्याला दुसरं काय तरी म्हणत्यात.” त्याने पानं मांडीवर ठेवली. “आणि हे काय, बाराव्या मात्रेवर?”

“चौदावीवरून मला जमत नव्हतं.”

“अरं पण बाराव्या मात्रेला निघाल्याला मी हाक कशाला मारू? त्याला येळ हाय की. तुझा माणूस चालत येतोय, वाटेत पान खातोय, मग लिफ्टात चढतोय. बंदिश मेली की ती.”

आता त्याचा आवाज चढला होता. मुलगा चहा घेऊन आला तो दारातच थांबला. “आप्पा, बीपी,” म्हणाला.

“बीपी राहू दे. नाव घाल न्हाय तर नगं घालू. मात्रा पयली नीट कर.”

त्याने मांडीवर ताल धरला. मला म्हणायला लावलं. मी चुकलो. परत. चुकलो. गिऱ्हाइकं येत होती, डबे भरून घेत होती आणि दोन म्हातारे मांडीवर थापा मारत बसलेले बघत होती. सातव्या-आठव्या वेळी मी समेवर पोहोचलो, तेही धापा टाकत. त्याने नुसती मान हलवली, जशी गुरुजी हलवायचे, म्हणजे ‘ठीक, पुढं’.

निघताना मी विचारलं, “तू कधीच का बोलला नाहीस? रेडिओवर ऐकलंस ना?”

“ऐकलं की. म्हटलं, आज न्हाय तर उद्या बलिवतोय मला. सभेला ये म्हणतोय. मी तुला रोज बारो म्हणत हुतो. तू एकदा म्हणायचंस.”

माझा हात त्याच्या खांद्यावर गेला आणि त्याने तो काढून टाकला नाही, एवढंच झालं. या लिखाणात नाव घालू का, असं मी विचारलं. “नगं,” म्हणाला. “पुस्तकात घाल, गाणाऱ्यांस्नी कळू दे. ह्यात घालशील तर उद्या लोक तेलाला न्हाय, मला बघायला येतील.” म्हणून इथे कुणाचंच नाव नाही, माझंही नाही.

कोल्हापूरला येऊन मी विद्यार्थिनीला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं, चहा पीत रेंगाळल्यापासून. ती प्रुफांच्या कडा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, “सर, मी हा अर्थ मुलींना शिकवलाय. परीक्षेत विचारलाय.”

“आता दुसरा शिकव.”

“दोघांची मिळून रचना असं लिहिलं तर? मुखड्यात तुम्ही बदल केलाच आहे.”

“तो बदल म्हणजे मला न जमलेली जागा आहे. त्याचं श्रेय घेऊ म्हणतेस?”

पुस्तकाला मदत करणारे एक गृहस्थ तिच्याकडून ऐकून दुसऱ्या दिवशी आले. या वयात कशाला, लोक काय म्हणतील, त्या सद्गृहस्थांची तरी काही तक्रार आहे का, असं बरंच बोलले. मी त्यांना म्हटलं, तक्रार माझी आहे, आणि पान बदललं नाही तर पुस्तक निघणार नाही. पान बदललं. भावार्थाची दोन पानं गेली आणि तिथे चार ओळी आल्या: बंदिश कुणाची, ‘बारो’ म्हणजे काय, मुखडा कुठून उचलायचा, आणि मी काय केलं.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला मी त्याला बोलावलं, पहिल्यांदाच. त्याच्या गुडघ्यांना एस्टीची पायरी चढवत नव्हती, म्हणून त्याच्या मुलाने तिकडून फोन लावून ठेवला आणि माझ्या विद्यार्थिनीने तो माइकजवळ धरला. मी भाषण लिहून नेलं नव्हतं. उभा राहिलो आणि म्हणालो, ‘बारो रे’ माझी नाही, आणि त्याचं पूर्ण नाव, गावासकट, दोनदा घेतलं. लिफ्टचं सांगितलं. साहेबांपुढे गप्प राहिल्याचं सांगितलं. ‘आपलीच’ म्हणालो होतो तेही सांगितलं, कारण तो शब्द वगळला असता तर पुन्हा अर्धंच झालं असतं. मग बसून गायलो. पहिल्या दोन आवर्तनांत सम निसटली. तबल्यावरच्या तरुणाने काळजीने माझ्याकडे पाहिलं. मी मुखडा बाराव्या मात्रेवर नेला नाही. तिसऱ्यांदा सम मिळाली.

टाळ्या बेताच्या पडल्या. त्या थांबल्यावर चौथ्या रांगेतले एक वयस्क श्रोते उठले. माझ्या सभांना ते वर्षानुवर्षं येत आलेले आहेत. हातात नवं पुस्तक होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, “बुवा, मग उरलेल्या तीस कुणाच्या?”

सभागृहात कुणीतरी ‘अहो, बसा’ म्हणालं. मी म्हटलं, त्यांना बसवू नका. हाच प्रश्न मला नको होता म्हणून मी इतकी वर्षं गप्प होतो. एकीचं खरं सांगितलं की बाकीच्यांवर संशय येणार, आणि तो यायलाच हवा.

“उरलेल्या माझ्या आहेत,” मी म्हणालो. “नीट गाऊन बघा म्हणजे कळेल. त्यांतली एकही इतकी चांगली नाही.”

ते उभेच राहिले, पुस्तक उघडून काही पानं चाळली, आणि मग बसले. त्यांना पटलं की नाही ते मला माहीत नाही. पण कार्यक्रमानंतर मी त्यांचा पत्ता घेतला. पुढच्या आठवड्यापासून ते दर गुरुवारी येतात, एकेक बंदिश समोर ठेवतात आणि विचारतात, ही कशी सुचली, कुठे सुचली, तेव्हा जवळ कोण होतं. मला आठवतं तेवढं मी सांगतो. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ म्हणतो, आणि ते तसं लिहून घेतात. आत्तापर्यंत नऊ झाल्या आहेत.